आयव्हीएफच्या आधीचे तीन महिने

आमची मुलगी आयव्हीएफनं झाली, म्हणजे अंडी काढून शरीराबाहेर फलित करतात आणि गर्भ परत पोटात सोडतात त्या उपचारानं, हे मी कुणापासून लपवलेलं नाही. त्यामुळं ओळखीतल्या, ओळखीच्यांच्या ओळखीतल्या बायकांचे फोन येतात. बहुतेक दुपारी, घरातली मोठी माणसं आडवी झाल्यावर. पहिला प्रश्न ठरलेला, "डॉक्टर कुठला केला?" मी नाव लगेच सांगत नाही. उलट विचारते, "तुझ्या नवऱ्याची तपासणी झाली का?" पलीकडून जरा वेळानं उत्तर येतं, "त्यांचं काय नाही हो, माझ्याच गोळ्या चालू आहेत दोन वर्षं झाली."

डॉक्टर शोधणं कोल्हापुरात आता अवघड राहिलेलं नाही. राजारामपुरीत, ताराबाई पार्कात, शाहूपुरीत पाट्या आहेत, मिरज-सांगली जवळ आहे, बेळगाव आहे, कुणाला जमलं तर पुणं आहे. अवघड जातं ते पहिल्या इंजेक्शनच्या आधीचं. त्या काळाला कुणी ट्रीटमेंट म्हणत नाही, म्हणून सगळे तो घाईत उरकतात. माझं मत असं, की निम्मं काम तिथंच होतं किंवा बिघडतं.

आमचं थोडक्यात. लग्नाला काही वर्षं झाली होती, गोळ्या झाल्या, आययूआय, म्हणजे नवऱ्याचे शुक्राणू नळीनं गर्भाशयात सोडणं, तेही झाले. एचएसजीत, म्हणजे गर्भनलिकांच्या एक्स-रेत, माझी एक नळी बंद निघाली. तोवर सगळा विचार माझ्याभोवतीच चालला होता, कारण दोष सापडला होता ना. नवऱ्याचा जुना रिपोर्ट फाइलमध्ये होता, त्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मग ज्या मॅडमकडं गेलो त्यांनी फाइल उलटी उघडली. आधी त्याचा रिपोर्ट काढला आणि त्यालाच विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहे. त्या वेळी तो भट्टीवर होता. आमच्या घरात ही गोष्ट 'कष्टाचं काम' एवढ्यापुरतीच माहीत होती. मॅडमनी सांगितलं की वृषणं शरीराच्या बाहेर असतात त्याला कारण आहे, त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागतं. रोज तासन्‌तास भट्टीसमोर उभं राहणाऱ्याच्या शुक्राणूंवर त्याचा परिणाम होऊ शकतो. पुढचा प्रश्न माव्याचा, तंबाखू-सुपारीच्या. त्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मग लहानपणी गालगुंड झालं होतं का, गेल्या तीन महिन्यांत मोठा ताप आला होता का, व्हेरिकोसील म्हणजे अंडकोषाच्या शिरा फुगल्यात का ते कुणी तपासलंय का. एवढे प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेच नव्हते.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, नंतर बाहेर येईपर्यंत आणखी काही. म्हणजे आज नवऱ्यानं मावा सोडला तर त्याचा उपयोग तीन महिन्यांनी दिसणार. उद्या सायकल, म्हणजे आयव्हीएफची एक पूर्ण फेरी, सुरू करून आज सोडून काही होत नाही. बायकांची अंडीसुद्धा शेवटच्या वाढीला साधारण तेवढाच वेळ घेतात. मी तीन महिने म्हणते ते यासाठी.

रिपोर्टवरचे आकडे कसे वाचायचे तेही समजून घ्या, कारण लॅबवाला फक्त कागद देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेप्रमाणे एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात, हालचाल करणारे ४२ टक्के, आणि नीट आकाराचे फक्त ४ टक्के. हा चार टक्क्यांचा आकडा बघून पुष्कळ पुरुष घाबरतात. शंभरातले शहाण्णव वेडेवाकडे असले तरी चालतं, हे आधी कुणी सांगत नाही. एका रिपोर्टवरून निकाल लावू नये, दोन ते सात दिवसांचा संयम पाळून पुन्हा करावा. तापासारख्या आजारानं आकडा खाली-वर होतो.

नवऱ्यानं साहेबांना सांगून डिस्पॅचला बदली मागून घेतली. कारण काय सांगितलं ते मला अजून माहीत नाही. मावा सोडला असं तो म्हणतो, मी 'कमी केला' एवढंच मान्य करते. तीन महिन्यांनी रिपोर्ट सुधारला, पण मर्यादेच्या वर काही गेला नाही. म्हणून आमची इक्सी झाली, म्हणजे एका अंड्यात एक शुक्राणू सुईनं सोडतात. एवढं करून शेवटी इक्सीच करायची होती तर उपयोग काय, असं आत्तींनी, माझ्या सासूबाईंनी, विचारलं. मॅडम म्हणाल्या, इक्सीलाही निवडायला चांगले मिळाले तर बरंच.

तिथल्या बाकावर एक तालमीतला पोरगा भेटला होता. दंड बघावेत तर माझ्या मांडीएवढे. त्यानं नवऱ्याला आपणहून सांगितलं की जिममध्ये अंग भरण्यासाठी इंजेक्शनं घेतली होती आणि रिपोर्टात शुक्राणू शून्य आलेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन गेलं की शरीर आपलं काम थांबवतं. बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. आपल्या कोल्हापुरात पैलवानकीचा एवढा अभिमान, त्यामुळं ही गोष्ट कुणी मोठ्यानं बोलत नाही. घरात असा कुणी असेल तर डॉक्टरसमोर खरं सांगायला लावा.

आता बायकांचं. एएमएच या तपासणीची फार धास्ती असते. ती पाळीच्या कुठल्याही दिवशी होते आणि अंड्यांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देते. अंडी चांगली आहेत की नाहीत ते ती सांगत नाही, ते मुख्यतः वयावर जातं. पस्तिशीनंतर शक्यता उतरायला लागते आणि चाळिशीनंतर भराभर. त्यामुळं एएमएच चांगलं असलेली एकेचाळीस वर्षांची आणि एएमएच कमी असलेली एकोणतीस वर्षांची, यांत दुसरीला जास्त आशा असू शकते. एएमएचच्या जोडीला पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत बारीक फॉलिकल, म्हणजे अंड्यांच्या पिशव्या, मोजतात. ही सोनोग्राफी पोटावरून नसते, योनीमार्गातून असते. मला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगते. दुखत नाही. पण ऐन पाळीत, अनोळखी खोलीत, आधी माहीत असलेलं बरं.

बाकी रक्ताच्या तपासण्यांची यादी लांब आहे: थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, हिमोग्लोबिन, दोघांची एचआयव्ही आणि काविळीची, थॅलेसेमियाची. त्यातली रुबेलाची तपासणी लवकर करून घ्या. प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्यावी लागते आणि लशीनंतर महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो. हे सायकलच्या तोंडावर कळलं तर तो महिना गेला. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून आधीपासूनच चालू करता येते. कुणी गावाकडचं औषध, भस्म, काढा देत असेल तर तोही डॉक्टरांना दाखवा. आत्तींनी जोतिबाला नवस बोलला, अंबाबाईची ओटी भरली, त्याला कुणाची काही हरकत नव्हती, माझीही नाही. पुडीतल्या औषधाला मात्र मी हात लावला नाही.

पैशांवर मी जरा जास्त बोलणार, कारण मी पतसंस्थेत काउंटरला बसते. सोनेतारणाला येणाऱ्या जोडप्यांपैकी काही जण कशासाठी आलेत ते मला न सांगता कळतं. ऊसबिल जमा झालं की दवाखान्याची तारीख घेणारी घरंही मला माहीत आहेत. त्यात वावगं काही नाही. फक्त पहिल्या भेटीत सांगितलेल्या एका सायकलच्या आकड्यावर कर्जाचा हिशेब करू नका.

आम्हाला पहिल्या भेटीत सांगितलेला आकडा दीड लाखाच्या थोडा पुढचा होता. त्यात काय नाही ते विचारल्यावर कळलं: इंजेक्शनं नाहीत, इक्सी नाही, गर्भ गोठवायचा खर्च नाही, गोठवलेला गर्भ पुढं कधीतरी सोडायचा म्हणजे फ्रोझन ट्रान्सफर, तेही नाही. भूल धरली होती, पण आधीच्या तपासण्या नव्हत्या. इंजेक्शनांचा खर्च नक्की सांगता येत नाही हे खरं आहे, कारण कुणाला किती डोस लागेल ते तिच्या शरीरावर ठरतं. पण कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती, एवढं कुणीही सांगू शकतं. आम्ही ते एका कागदावर लिहून मागितलं. काही ठिकाणी लिहून द्यायला कुरकुर करतात. तिथं मी दुसऱ्यांदा गेले नसते.

विम्याचं विचारतात, म्हणून. बहुतेक हेल्थ पॉलिसींत वंध्यत्वाचा खर्च वगळलेला असतो. पॉलिसीच्या कागदात एक्सक्लुजनची यादी असते, त्यात १७ क्रमांकाला स्टेरिलिटी अँड इन्फर्टिलिटी असं लिहिलेलं सापडेल आणि त्याच्याखाली आयव्हीएफ, इक्सी सगळी नावं. काही कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत वेगळी सोय असते, तेव्हा नोकरीच्या ठिकाणी एकदा विचारायला हरकत नाही.

आणि त्या 'यशाचं प्रमाण' लिहिलेल्या जाहिराती. आकडा दिसला की तीन गोष्टी विचारायच्या. हे यश कशाचं, रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह आल्याचं की मूल हातात आल्याचं? कितीपैकी, सुरू केलेल्या सगळ्यांपैकी की ज्यांना गर्भ सोडता आला तेवढ्यांपैकी? आणि कुठल्या वयाच्या बायकांचं? हे तीन प्रश्न विचारले की तोच आकडा निम्म्यावर येऊ शकतो. आम्ही एका मोठ्या शहरातल्या एका ठिकाणी हे विचारलं तर समोरच्या काउन्सेलर बाई म्हणाल्या, "पॉझिटिव्ह विचार ठेवा ना." मी आकडा मागितला होता.

जास्तीच्या गोष्टीही अशाच समोर येतात. पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स सोडणं), स्क्रॅचिंग (गर्भाशयाचं अस्तर खरवडणं), गर्भाची जनुकीय तपासणी, हॅचिंग (गर्भाच्या कवचाला छेद देणं). काहींना कारण असतं, उदाहरणार्थ वारंवार गर्भपात होत असतील तर. पण सरसकट सगळ्यांनाच का, हे विचारावं. ब्रिटनमध्ये एचएफईए नावाची सरकारी नियामक संस्था आहे, ती अशा प्रत्येक गोष्टीला पुराव्याप्रमाणे रंग देते. त्यांच्या साइटवर बसून मी आणि जाऊबाईंच्या मुलानं ते वाचून काढलं. बऱ्याच महागड्या गोष्टींना हिरवा रंग नव्हता. मॅडमना दाखवलं, त्या रागावल्या नाहीत, उलट यादीतल्या दोन गोष्टी त्यांनीच खोडल्या.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. २०२१ चा एआरटी कायदा, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांचा कायदा, आल्यापासून दवाखान्याला नोंदणी लागते, प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, ते बघा. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ असावं लागतं. आमच्याकडं आधार आणि विवाह नोंदणीचा दाखला मागितला. माझ्या आधारवर माहेरचं आडनाव, दाखल्यावर सासरचं. त्या एका आडनावापायी अर्ज, ॲफिडेव्हिट, महापालिकेत हेलपाटे. लग्नाची नोंदणीच केलेली नाही अशी कितीतरी जोडपी आहेत, त्यांनी हे काम सगळ्यात आधी हातात घ्यावं. संमतीपत्रं पानंच्या पानं असतात. ती सायकलच्या सकाळी सह्या करायला समोर ठेवतात तेव्हा कुणी वाचत नाही. आधी मागून घ्या, घरी आणा, मराठीत मागा.

याच भागात एक गोष्ट सांगून टाकते. आयव्हीएफ करणार म्हटल्यावर नात्यातल्या एका मावशींनी कानात सांगितलं, "एवढा खर्च करताय तर मुलगाच ठेवा की." पोटातल्या बाळाचं लिंग तपासायला १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ च्या दुरुस्तीपासून गर्भ शरीराबाहेर असतानाही लिंगनिवड चालत नाही, आणि एआरटी कायद्यातही ते पुन्हा लिहिलंय. सोनोग्राफीच्या मशीनला सायलेंट ऑब्झर्व्हर, म्हणजे प्रत्येक तपासणीची नोंद ठेवणारं यंत्र, बसवणारा आपला जिल्हा, आणि आपल्याच जिल्ह्यात असे सल्ले अजून मिळतात. मी मावशींना म्हटलं, "आधी काहीतरी राहू दे." नवऱ्यानं मात्र सरळ सांगितलं, "मावशी, परत हे बोलू नका."

घरी कुणाला सांगायचं हे दोघांनी आधी ठरवा. आम्ही आत्तींना सांगितलं, कारण इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवायची होती आणि आमच्या घरात फ्रिजला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नाही. त्यांनी विचारलं, "म्हणजे पोर काचंत वाढवत्यात व्हय?" सांगितलं, फक्त पाच दिवस, तेही डोळ्यांना दिसणार नाही एवढं, मग सगळं पोटातच. आपल्या देशात १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी हे केलं आणि १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांनी, तेव्हाची मुलं आता चाळिशीच्या घरात आलीत, हे ऐकल्यावर त्या निवळल्या. पण शेजारणीला सांगायचं नाही हे काही त्यांना जमलं नाही. त्यामुळं निकालाच्या दिवशी आमच्याआधी गल्ली वाट बघत होती. तारीख घरात कुणालाच सांगू नये, हा माझा सल्ला.

ऑफिसात सुट्टीचं अवघड असतं, कारण तारखा आधी ठरत नाहीत. पाळी येईल तेव्हा सुरू, मग दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, आणि अंडी काढायचा दिवस दोनच दिवस आधी कळतो. मी मॅनेजरना एवढंच सांगितलं की महिनाभर अचानक अर्ध्या दिवसाच्या रजा लागतील. त्यांनी कारण विचारलं नाही. सगळ्यांना असे मॅनेजर मिळत नाहीत हे मला माहीत आहे. पुण्याला ट्रीटमेंट घेणार असाल तर मधल्या सोनोग्राफी कोल्हापुरात करून रिपोर्ट पाठवले चालतील का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

प्रत्यक्ष इंजेक्शनांचं लोकांना वाटतं तेवढं काही नसतं. पोटात बारीक सुई, रोज ठरल्या वेळी, आठ-दहा-बारा दिवस. मी स्वतः घ्यायला शिकले. इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतील तर फ्रिजच्या खणात, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, आणि वीज गेली तर काय करायचं ते फार्मसीवाल्याला विचारून ठेवा. शेवटचं ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवणारं इंजेक्शन, मात्र मिनिटाच्या काट्यावर. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात, ती वेळ चुकवून चालत नाही. आमचं ट्रिगर रात्री उशिराचं होतं. नवऱ्यानं तीन मोबाइलवर गजर लावले आणि तिन्ही वाजायच्या आत आम्ही जागेच होतो.

नवऱ्याचा नमुना त्याच सकाळी लागतो. ऐनवेळी जमलं नाही असे पुरुष पुष्कळ असतात, यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून एक नमुना आधीच गोठवून ठेवायला सांगा. नवऱ्याला त्याची गरज पडली नाही, पण तो गोठवलेला आहे म्हटल्यावरच तो निवांत होता.

अंडी जास्त तयार होणाऱ्यांना, विशेषतः पीसीओएस (अंडाशयात खूप बारीक फॉलिकल असण्याचा त्रास) असणाऱ्यांना, एक धोका असतो. पोट फुगतं, पाणी साठतं. त्याला ओएचएसएस म्हणतात. वजन एकदम वाढलं, लघवी कमी झाली, दम लागला, उलट्या थांबेनात, तर सकाळची वाट न बघता फोन करायचा. हा रात्रीचा फोन कुणाचा, तो नंबर आधी घेऊन ठेवा. धोका दिसला तर डॉक्टर ट्रिगर बदलतात आणि गर्भ त्याच महिन्यात न सोडता सगळे गोठवतात. माझं पोट बऱ्यापैकी फुगलं होतं, तेवढ्यावर भागलं. प्रोटीन खा म्हणून सांगितल्यावर आत्तींनी मटणाचं अळणी पाणी वाटीवाटीनं सुरू केलं. तांबडा रस्सा बंद झाल्याचं दुःख घरात माझ्यापेक्षा दिराला जास्त झालं.

खरी परीक्षा अंडी काढल्यानंतरची, आणि तिची तयारी कुणी करून घेत नाही. भुलीतून जागी झाल्यावर सिस्टरनी आकडा सांगितला, आम्ही खूश. मग रोज फोनवर आकडा कमी होत जातो. समजा दहा अंडी मिळाली. त्यांतली आठेक पूर्ण वाढलेली असतात. फलित होतात सहाच्या आसपास. पाचव्या दिवसापर्यंत, ब्लास्टोसिस्ट होईपर्यंत, दोन किंवा तीन टिकतात. एकापाठोपाठ एक चाळणी लावल्यासारखं आहे ते, आणि खालच्या चाळणीतून काय पडेल ते लॅबच्याही हातात नसतं. हे प्रमाण आधी माहीत असेल तर तिसऱ्या दिवशीच्या फोनला माणूस रडत नाही. मला माहीत होतं, तरी मी रडले. पण घाबरले नाही, एवढा फरक पडला.

किती गर्भ सोडायचे यावरही घरात मतं असतात. "दोन सोडा, जुळी होऊ देत, एकदाच काम" असं म्हणणारे भेटतात. जुळ्यांत दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याचा धोका बराच वाढतो, मुलं काचेच्या पेटीत, बिल वेगळं. आम्ही एकच सोडला.

ट्रान्सफर म्हणजे पाच-दहा मिनिटांचं काम. भूल नाही, लघवी तुंबवून झोपायचं. त्यानंतर पलंगावरून उठू नको, रिक्षानं जाऊ नको, रस्त्यात खड्डे आहेत. आपल्याकडचे खड्डे मी नाकारत नाही, पण त्यानं गर्भ पडत नाही. झोपून राहिल्यानं शक्यता वाढत नाही, हे अभ्यासात तपासून झालंय. मी चौथ्या दिवशी कामावर गेले. गर्भ टिकावा म्हणून देतात ती प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं मात्र कमरेत गाठी उठवतात, गरम पाण्याची पिशवी जवळ ठेवा. त्या औषधानंच छाती दुखते, पोट जड वाटतं, झोप येते. म्हणजे गर्भ राहिल्याची जी जी लक्षणं शोधत बसाल ती सगळी औषधाची असू शकतात. गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ताची तपासणी, बीटा एचसीजी, होईपर्यंत काही कळत नाही.

आमची पहिली बीटा निगेटिव्ह आली. रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा समोर एक आजोबा सोन्याची चेन गहाण ठेवत होते आणि मी वजन लिहीत होते. ते काम मी पुरं केलं. जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "संध्याकाळी घ्यायला येतो." तो गाडी घेऊन आला आणि घरी न जाता आम्ही बायपासनं बरंच लांब गेलो, येताना भडंग घेतलं. घरी आत्तींनी विचारलं नाही. गल्लीनं विचारलं.

त्या आठवड्यात आम्हाला एका गोष्टीचा फार उपयोग झाला. कितीदा करायचं आणि कुठं थांबायचं ते आम्ही सुरुवात करण्याआधी ठरवून लिहून ठेवलं होतं, पैशांसकट. त्यामुळं "आता काय" यावर भांडण झालं नाही. दात्याच्या अंड्यांबद्दलही आधीच बोललो होतो. नवऱ्याची तयारी होती, माझी नव्हती, आणि हे निवांतपणी कळलं ते बरं झालं. कायद्यानं दाती २३ ते ३५ वयाची लागते, तिला आयुष्यात एकदाच अंडी देता येतात आणि सातपेक्षा जास्त काढता येत नाहीत, त्यामुळं वाट बघावी लागू शकते, हेही तेव्हाच समजलं होतं.

गोठवलेले गर्भ होते, म्हणून पुन्हा इंजेक्शनांतून जावं लागलं नाही. फ्रोझन ट्रान्सफर तुलनेनं सोपी. गोळ्यांनी गर्भाशयाचं अस्तर सात-आठ मिलिमीटरपर्यंत जाड करतात, मग सोडतात. पुढं एका ट्रान्सफरला गर्भ राहिला. मुलगी आता बालवाडीत आहे आणि भट्टीवाल्याची लेक म्हणून की काय, थंडीतही अंगावर स्वेटर ठेवत नाही.

राहिला एक कागद. संमतीपत्रात एक रकाना असतो: उरलेल्या गर्भांचं काय करायचं, दोघांपैकी एक गेलं तर काय, वेगळे झालात तर काय. सायकलच्या आधी हा प्रश्न अभद्र वाटतो, नवऱ्यानं तर 'हे काय विचारतात' म्हणून पान उलटलं होतं. पण नीट वाचा. गर्भ उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमध्ये ठेवतात, कायद्यानं जास्तीत जास्त दहा वर्षं, आणि ठेवायची फी दर वर्षी लागते. आमचा एक तिथं आहे. दुसरं मूल हवं की नको यावर आमचं अजून एकमत नाही, आणि फी भरायची मुदत नेमकी मार्चअखेरीला येते, जेव्हा मला पतसंस्थेतून मान वर करायला वेळ नसतो. गेल्या वर्षी नवऱ्यानं परस्पर भरून टाकली. यंदा मी सांगितलंय, आधी बोलू, मग भर.